चिंचेची पुढची फांदी

दोराचं टोक दातांत धरून भार्गवी चिंचेवर चढली, तेव्हा खाली उभ्या असलेल्या पद्मजाचा हात आपोआप गळ्याशी गेला. मंगळसूत्राचे मणी बोटांत आले.

"हळू गं," ती म्हणाली.

वर पोचलेल्या पोरीने ते ऐकलं, की वाऱ्याने मधेच उचलून नेलं, कळलं नाही. पानांत नुसता तिचा निळा टी-शर्ट दिसत होता. कधी एक पाय दिसे, कधी कोपर. मग जाड दोराचा वेढा सुटून खाली लोंबायला लागला.

"मामा, गाठ कुठली मारू?"

"दोन येढे घे फांदीला. आता खालनं काढ. वढून बघ. वढलं का?" शिवयोगी मान वर करून सांगत होता. दरवर्षी झोका तोच बांधायचा. यंदा गाडीवरून घसरून गुडघा सुजवून बसला होता, म्हणून हे काम भाचीकडे आलं होतं. "तुझ्या बापाला तरी येते का गं ही गाठ?"

"पप्पांना बुटाची पण नीट येत नाही!"

शिवयोगी पोट धरून हसला. पद्मजालाही हसू आलं, पण हात गळ्याशीच राहिला.

बोळातून दुरडी घेऊन चाललेली एक बाई थबकली. तिने कपाळावर हात धरून वर पाहिलं.

"शिवयोगी, भाचा कवा आला रं?"

"भाचा न्हाय, काकू. भाची हाय. आमच्या पद्मजाची."

"अगं बया! मग क्येसं कुटं गेली?"

"सोलापुरात ठेवून आले, आज्जी!" झाड म्हणालं.

बाई हसत हसत पुढे गेली. पद्मजाने मात्र तो प्रश्न जपून ठेवला. असे प्रश्न ती ठेवूनच देत असे. रात्री अंथरुणावर पडलं की एकेक बाहेर काढून बघायची. केस कुठे गेले. गुडघे असे खरचटलेले का. मुलींमध्ये खेळत नाही का. सातवी झाली ना आता. यातला प्रत्येक प्रश्न कुणी ना कुणी तिला हसत हसतच विचारला होता, आणि तिनेही हसत हसतच काहीतरी उत्तर दिलं होतं. तिला आता त्या हसण्याची इतकी सवय झाली होती, की ओठ आधी हलायचे आणि प्रश्न मागून ऐकू यायचा.

मैंदर्गीच्या त्या बोळात नागपंचमीचा एक रिवाज होता. चिंचेला झोका बांधायचा, आणि समोरच्या पुढे झुकलेल्या फांदीला, लाल दोऱ्याने, सुक्या खोबऱ्याची वाटी टांगायची. झोका चढवत चढवत जी कुणी ती वाटी तोंडाने तोडून आणेल, ती त्या वर्षाची मानाची. हात दोरावरून काढायचा नाही. झोका बांधून झाला, की पुरुषांनी तिथून निघून जायचं आणि दिवेलागणीपर्यंत त्या बाजूला फिरकायचं नाही. शिवयोगीनेही गाठ दोनदा ओढून पाहिली, भाचीच्या पाठीवर थाप मारली आणि लंगडत पाराकडे निघून गेला.

मग बायका आल्या. माहेरी आलेल्या लेकी, कुणाच्या सुना, कुणाच्या सासवा. हातांवर मेंदी, मनगटात नव्या बांगड्या, ओच्यात ज्वारीच्या लाह्या. त्या दिवशी घरात चिरायचं नव्हतं, तळायचं नव्हतं, तवा चढवायचा नव्हता. त्यामुळे सगळ्यांच्याच हातांना एक अनोळखी मोकळेपण आलं होतं. आभाळ भरून होतं पण पडत नव्हतं. तुरीच्या कोवळ्या रानावरून येणारा वारा ओलसर होता, आणि त्या भरल्या उजेडात सगळ्याच गोष्टी जराशा पाण्याखालच्या वाटत होत्या.

पद्मजा झाडापासून थोडी दूर, समोरच्या एका धोंड्याजवळ उभी राहिली. लहानपणीही ती इथेच उभी राहायची. झोक्यावर तिला घेरी यायची. निदान ती तसं सांगायची.

तिच्या कमरेला खोचलेल्या पिशवीत फोन होता. काल त्यावर भार्गवीला खो-खो शिकवणाऱ्या जोतिराम सरांचा आवाज येऊन गेला होता.

"ताई, उद्या पंचमी, परवा सकाळी आठला मैदानावर या. निवडसमितीला मी थांबवलंय. पुन्हा एकदा बघतो म्हणालेत तिला."

"आम्ही गावी आलोय हो सर. पंचमीला."

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे." सर म्हणाले होते. "ताई, खरं सांगू का? माझ्या हाताखाली पुष्कळ पोरी खेळल्या. त्या दिवशी भार्गवीनं जो गडी सोडला ना, तसा ती सोडत नाही. झोपेत सुद्धा सोडणार नाही. मला काय झालं तेच कळलं नाही."

"बघते," पद्मजा म्हणाली होती.

बघते म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. निवड झाली असती तर पोर खो-खोसाठी वसतिगृहात गेली असती. पाच-सहा वर्षं तिथेच शाळा, तिथेच मैदान. नवऱ्याने, नंदीशने, खांदे उडवले होते. "तुझं तू ठरव. फक्त आईला तू सांग," असं म्हणून त्याने पेपर उघडला होता. सासूबाईंना, गिरिजाबाईंना, सांगायची वेळच आली नव्हती. निवड झालीच नाही. आणि आता पुन्हा हा फोन. पद्मजाने नाही म्हटलं नव्हतं. ती फक्त माहेरी आली होती, आणि सोमवारपर्यंत राहणार होती. मधले दिवस आपोआप नाही म्हणणार होते.

भार्गवीला फोनचं माहीत होतं. फोन आला तेव्हा ती शेजारीच शेंगा सोलत बसली होती. तिने एका शब्दाने विचारलं नाही. पोर समजूतदार व्हायला लागली, असं पद्मजाला काल वाटलं होतं, आणि बरं वाटलं होतं.

"चला गं, कोण आधी?" अव्वा ओरडली.

पद्मजाची आई निंगव्वा, सगळी गल्ली तिला अव्वाच म्हणायची. साठी ओलांडली होती, पण पदर खोचून फळीवर पहिला पाय तिनेच ठेवला. दोन झोके घेऊन उतरली आणि म्हणाली, "माझं झालं. आता तुमी मरा."

एकेक जण चढू लागली. वर्षभर डोक्यावरचा पदर घसरू न देणाऱ्या बायका फळीवर उभ्या राहून गुडघ्यांतून झोका घुसळत होत्या. केस सुटत होते, काष्टे फुगत होते. कुणी वर जाताना किंचाळे, कुणी खाली येताना. एक जाडजूड वहिनी अर्ध्यात अडकली आणि तिथूनच खोबऱ्याला शिव्या द्यायला लागली.

"खाली ये की जरा, रांडच्या! तुला काय मी परकी हाय?"

"वहिनी, त्याला न्हाय कन्नड येत. कन्नडात शिव्या नगा देऊ."

"मराठीत दिली की गं आत्ता!"

सगळ्या हसून हसून वाकल्या. फांदीवरची वाटी लाल दोऱ्यावर संथ फिरत राहिली, जणू तिला कुठेच जायचं नव्हतं.

"आता शहराकडची पोरगी," कुणीतरी म्हणालं.

भार्गवी फळीवर उभी राहिली. काल कासारणीने घातलेल्या हिरव्या बांगड्या तिने कोपरापर्यंत मागे सारल्या. पहिला झोका तिने नुसता घेऊन पाहिला, दोर किती लांब, फांदी किती लवते. दुसऱ्याला गुडघे वाकले. तिसऱ्याला झाडच तिच्याबरोबर श्वास घ्यायला लागलं.

बायका हळूहळू गप्प झाल्या. तिच्या झोक्याला आवाज नव्हता. मागे जाताना ती चिंचेच्या सावलीत विरघळून जायची आणि पुढे येताना उजेडातून पुन्हा तयार व्हायची, प्रत्येक वेळी थोडी आणखी उंच, थोडी आणखी मोठी. पद्मजाला वाटलं, ही आता तेरा वर्षांची नाही. आता सोळाची. आता वीसची. आता ही कोण, आपल्याला ओळख तरी देईल का? तिचा हात गळ्याशी गेला. मणी बोटांत आले.

वाटी आता पोरीच्या तोंडापासून वीतभर होती. पुढचा झोका आणि झालं.

त्या पुढच्या झोक्यात, अगदी टोकाला, जिथे झोका क्षणभर कुठलाच नसतो, तिथे भार्गवीने मान वळवली. धोंड्याकडे पाहिलं. आईकडे.

आणि तिचे गुडघे सरळ झाले.

फारच थोडं. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. पण झोका तिथूनच उतरला. त्याच्या पुढचा आणखी खाली.

"अरारारा! हुकलं की गं!"

"दमली पोर. खाऊ घाला तिला काहीतरी."

भार्गवी उडी मारून उतरली. बायकांकडे बघून हसली, खांदे जरा आत घेऊन, मान जरा तिरकी करून. "नाही येत मला," ती म्हणाली.

पद्मजा तिच्याकडे बघत राहिली. ते हसू तिने कुठेतरी पाहिलं होतं. पोरीचं नव्हतं ते. लग्नाकार्यात, दारात, जिन्यात, लोक काही विचारतात तेव्हाचं होतं. घरच्या आरशात नव्हे, पण कुणाच्या तरी काढलेल्या फोटोंत तिने ते पुष्कळदा पाहिलं होतं. स्वतःच्या तोंडावर.

आणि पोर दमलेली नव्हती. तिचा ऊर साधा वरखाली होत होता, बसल्या माणसाचा होतो तसा.

निवडीच्या त्या दिवशीही असंच होतं. सोलापूरच्या मैदानावर पद्मजा पायऱ्यांवर बसली होती, मांडीवर पाण्याची बाटली. शेवटचा गडी खांबाजवळ आला होता, भार्गवी त्याच्या मागे सूर मारायच्या बेतात, हात लांबवलेला. शेजारी बसलेल्या दोघी तिसऱ्याच कुणाबद्दल बोलत होत्या, की बाई, मुलीची जात, हातपाय मोडले तर आयुष्याचं झालं. पद्मजाचा हात गळ्याशी गेला होता. आणि पोरीची मान, अगदी पापणी लवेल इतकीच, पायऱ्यांकडे वळली होती. तिने हात मिटला होता. गडी खांब ओलांडून निसटला होता. मग ती आईकडे चालत आली होती, पाणी मागितलं होतं, आणि न पिताच बाटली परत दिली होती.

तेव्हा पद्मजाला हायसं वाटलं होतं. घरी परतताना रिक्षात तिने पोरीला जवळ घेतलं होतं आणि म्हणाली होती, "जाऊ दे गं. सगळ्यांनाच सगळं जमतं असं नाही." पोरीने मान हलवली होती. तिच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. किती गोड वाटलं होतं ते ओझं.

आता तिला जवळचा धोंडा धरावा लागला. झोक्यावर न बसताच घेरी आली.

झोक्यावर पुन्हा दुसऱ्या कुणी चढल्या होत्या. हसण्याचे आवाज लांबून, भिंतीपलीकडून यावेत तसे येत होते. अव्वा ओट्यावर लाह्या पाखडत बसली होती. पद्मजा तिच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"काय गं पद्दू? तोंड का उतरलं?"

"अव्वा, लाडू आत्ताच बांधून दे. संध्याकाळच्या गाडीनं निघतो आम्ही."

अव्वाचा सुपावरचा हात थांबला. "आज?"

"आज."

"डोकं फिरलं का तुजं? पंचमीच्या दिवशी लेक माहेर सोडून जाते व्हय? गल्लीतली माणसं काय म्हंतील? भावानं हाकलली म्हंतील."

"म्हणू देत."

"सासूनं बोलावलंय?"

"नाही. उद्या सकाळी भार्गवीला मैदानावर न्यायचंय. सोलापुरात."

अव्वाने तिच्याकडे पाहिलं. मग झोक्याकडे, तिथे बाजूला मातीत बोटाने रेघोट्या मारत बसलेल्या नातीकडे. सुपातली एक लाही उचलून तिने तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"गिरिजाबाईला इचारलंस?"

"सांगेन."

पाखडणं पुन्हा सुरू झालं. फोल उडत होतं, लाह्या मागे राहत होत्या. अव्वा म्हणाली, "शेंगाचे लाडू देऊ का तंबिटाचे?"

"दोन्ही दे," पद्मजा म्हणाली. "खेळून आली की भूक लागते तिला."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. इतक्या साध्या आवाजात ती पोरीच्या खेळाबद्दल कधी बोललीच नव्हती.

चहाची हाक आली तशा बायका उठून भिंतीच्या कडेला जाऊन बसल्या. बशा फिरल्या. वाटी अजून जागच्या जागी होती. "यंदा कावळाच नेतोय बघा," वहिनी म्हणाली. झोका रिकामा झाला होता, आणि त्यावर भार्गवी बसली होती. झुलत नव्हती, नुसती बसली होती.

पद्मजा झाडाच्या मागच्या बाजूने आली. मागून ती पोरीला कधी पाहतच नसे. मैदानावर, रस्त्यावर, झोक्यावर, कायम समोर उभी असायची, चेहरा वाचत. आता तिला आखूड केसांखालची उन्हाने रापलेली मान दिसली. टी-शर्टातून उमटलेली खांद्याची पाती. आणि पाय. पोर फळीवर बसली होती खरी, पण टाचा उचललेल्या होत्या, चवडे मातीत रुतलेले, सगळं अंग जरासं पुढे. खो-खोत पाटीवर बसतात तसं. उठायच्या तयारीत असलेलं माणूस बसतं, तसं.

पाचोळा वाजला.

"कोण?"

"मीच."

भार्गवी वळायला लागली.

"वळू नकोस."

पोर थांबली. "आई, मला नाही जमत ते. खरंच."

पद्मजा बोलायला गेली असती तर नेहमीचाच शब्द, हळू, तोंडात आला असता. तिने दोन्ही तळवे पुढे केले आणि पोरीच्या पाठीवर ठेवले. पाठ गरम होती. तिला वाटली होती त्यापेक्षा रुंद. तळव्यांखाली काहीतरी घट्ट, जागं, वाट बघत असलेलं होतं. तिने किती दिवसांत या पाठीला हात लावला नव्हता. तेल लावायची तेव्हा ही केवढीशी होती.

"खो," ती म्हणाली.

फार हळू म्हणाली. इतकं हळू, की भिंतीकडच्या बायकांना ऐकू गेलं नाही. पाठ एकदम निश्चल झाली. चिंचेचं एक पान गरगरत येऊन पोरीच्या खांद्यावर टेकलं. पद्मजाला वाटलं, आता ती मान वळवून बघणार, खरंच का म्हणून विचारणार.

तिने विचारलं नाही. चवड्यांनी माती सोडली. तळव्यांखालून पाठ निघून गेली.

पुढच्या झोक्याला ती फळीवर उभी होती. पद्मजा चार पावलं मागे सरून उभी राहिली, झाडाच्या सावलीत, हात अजून तसेच पुढे धरलेले. पाठ लहान होत जाई, उजेडात शिरे, पुन्हा मोठी होत परत येई. बांगड्या कोपरावर किणकिणत. दोर फांदीवर संथ करकरत होता, कुणी झोपेत कूस बदलावी तसा. भिंतीकडची एक मान वर झाली. मग दुसरी. बशी ओट्यावर टेकल्याचा आवाज आला.

झोका उंच गेला. आणखी उंच. त्या टोकाला, जिथे तो क्षणभर कुठलाच नसतो, तिथे भार्गवीची मान जराशी वळली. सवयीने, धोंड्याकडे.

धोंड्याजवळ कुणी नव्हतं.

मान सरळ झाली. गुडघे खोल वाकले.

पुढे काय झालं ते पद्मजाला मागून दिसलं नाही. पुढच्या फांदीची पानं सळसळली. भिंतीजवळच्या सगळ्या बायका एकदम उठून उभ्या राहिल्या, कुणाचा तरी चहा सांडला, आणि अव्वाचा आवाज कन्नडात काहीतरी मोठ्यांदा ओरडला. भरल्या आभाळाखाली झोका वळला आणि परत निघाला, आजवर कधी आला नव्हता इतक्या वेगाने, थेट तिच्याच दिशेने.

पद्मजाने हात खाली घेतले, आणि ती त्याच्या वाटेतून बाजूला झाली.